गुरुवार, नाथसागर

मागच्या गुरुवारी हे बेट नव्हतं.
पाणी हातभर उतरलं
आणि बाभळीच्या मेलेल्या खोडांपलीकडे
एक पाठ वर आली, ओली, म्हशीसारखी.
कडूबाला विचारलं, याला म्हणतात काय?
तो म्हणाला, नाव कशाला ठेवायचं,
मिरगात बुडतंय परत.

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी.
उरलेले सहा दिवस पैठण आगारात
माइकवर सांगतो:
शेवगाव, फलाट तीन.
पाचोडमार्गे अंबड, वीस मिनिटं उशिरा.
लोक खिडकीशी वाकून विचारतात, कधी सुटणार?
बहुतेक वेळा मला माहीत असतं.

पट्टकादंबांचं माहीत नव्हतं.

चार महिने ते इथेच होते,
हरभऱ्याच्या धसकटात चरत,
डोक्यावर दोन-दोन काळ्या रेघा,
कुणी मोजायला घेतल्यासारखे.
मोजायला मला वाघमोडेनं शिकवलं.
तीस वर्षं कंडक्टर होता, भरल्या गाडीत
बोट न लावता डोकी मोजायचा.
म्हणायचा, एक-एक मोजशील तर उडून जातील.
दहा मोज. मग ते दहा डोळ्यांत धरून
सगळ्या थव्यावर अंथरत जा.
आता त्याच्या डोळ्यांत पडदा आलाय,
भूमला लेकीकडे असतो.
दर गुरुवारी अकराला फोन.
नमस्कार वगैरे नाही. किती?

काठावर विजेच्या मोटारी
पाण्यामागे सरकत गेलेल्या,
जुन्या जागांवर नुसते दगड
आणि पाइपांचे कोरडे वळ.
आम्ही कडूबाच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसलो,
मी मांडी घालून, दुर्बीण पोटाशी,
तो उकिडवा, एका फळीनं पाणी मागे ढकलत.
अर्ध्या वाटेत म्हणाला,
ते गेले ना कव्हाचेच.
कधी?
परवा रातच्याला. जाळं टाकीत होतो.
वरून गेले, बोलत बोलत.
लई उंच.
मग थोड्या वेळानं:
तुम्हाला फोन करणार होतो,
पण तुमची ड्युटी असंल.

बेटावर त्यांची हिरवट विष्ठा होती,
वाळून कागदासारखी झालेली.
एक पीस. ते मी खिशात घातलं नाही,
काढून पाहिलं आणि परत तिथेच ठेवलं.
वारा सुटला होता, चैत्रातला, तोंडात धूळ भरणारा.
नदी सुरय डोक्यावर ओरडत होते,
त्यांना बेट हवं होतं, आम्ही नको.
पलीकडच्या उथळीत सात शेकाट्या.
लिहिलं: सात.

मग कडूबानं माझं मनगट धरलं.
पायाखाली बघा.

माझ्या बुटापासून दोन हातांवर
म्हशीच्या खुराचा ठसा, चिखलात वाळलेला,
आणि त्या ठशात, वाऱ्याच्या आड,
एक टिलवा. चिमणीएवढा. झोपलेला.
एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत,
मानेवर तांबूस रंग नुकता चढू लागलेला,
अर्धा. जाण्यापूर्वी तयारी करतात तसा.
वजन तिकिटाच्या रोलाएवढं तरी असेल का?
आणि कुठं सैबेरिया.
ते गाव कुठल्याच पाटीवर
मी कधी रंगवलेलं पाहिलं नाही.

रात्रपाळीत फलाटावर असे असतात लोक,
गाठोड्याला टेकून, तोंडावर उपरणं.
त्यांची गाडी पहाटेची.
झाडूवाला त्यांच्याभोवतीनं झाडतो.

फोन थरथरला. अकरा.
किती?
मी कुजबुजत म्हणालो, पट्टकादंब शून्य.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
बाकी?
एक टिलवा आहे. खुरात झोपलाय.
खुरात?
म्हशीच्या.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, डोळा उघडा ठेवलाय का एक?
मी वाकून पाहिलं.
होता.
बारीक, काळा, माझ्यावर.

मग जागा आहे तो, वाघमोडे म्हणाला.
हळू मागे सर.

आम्ही सरलो. उलट्या पावलांनी,
कडूबा पुढे, म्हणजे मागे,
घोटाभर गाळात.
वहीत त्या दिवशी: शेकाट्या सात, टिलवा एक.
बेटाचं नाव लिहायच्या रकान्यात
काहीच नाही.