लेबल एक्केचाळीस

हाकोदाते. रात्रीचे दोन.
खाली बर्फ उपसणारं यंत्र घरघरतंय.
कानाए स्क्रिप्ट आवरते आहे,
सहा हजार ओळींची एकच फाईल,
सेत्सुओने नोकरी सोडताना तशीच टाकलेली.

'तात्पुरतं_७' नावाचा व्हेरिएबल
चार वर्षं मुक्काम ठोकून.
तेच हसू तीन ठिकाणी लिहिलेलं;
ती एकदाच ठेवते.

मग हे लेबल.
खेळणाऱ्याने काहीही निवडलं
तरी इथे कुणी पोचत नाही.
दीपगृहातली बहीण दार उघडते,
विचारते, "जेवलास का?"
पुढे रिकामी ओळ.

नियमाने पुसायला हवं.
कर्सर लुकलुकतो. चहावर साय धरते.

वाट ती जोडत नाहीच.
फक्त त्या रिकाम्या ओळीत
"नाही अजून" लिहिते
आणि समास
पुन्हा एकदा सरळ करते.