जमना कुठं उतरली

सत्तेचाळिसाव्या भागाच्या शेवटच्या पानावर
जमना वाडी जंक्शनला गाडीत बसते.
हातात हिरवी ट्रंक, ट्रंकेत कुणाचं तरी पिस्तूल,
आणि खाली छापलेलं : क्रमशः.

पुढचा भाग आलाच नाही.
लेखक गेला म्हणे, किंवा छापखाना बुडाला.
दोन रुपयांची पुस्तकं ती,
त्यांची चौकशी कोण करणार.

पण वाडीहून सुटलेली गाडी
गुलबर्ग्याला थांबते आणि मग आमच्याकडंच येते,
एवढं आम्हाला पुरेसं होतं.
राजमणी येमुलनं तिला पहिल्यांदा उतरवलं,
पहाटे, फलाट एकवर,
दोनशे पानी वहीत,
हजार विड्या वळून झाल्यावर उरलेल्या बोटांनी.

वही कुठल्या कपाटात नव्हती.
नरसुबाईला पानं भिजवू लागायचं,
दोन दिवस, तीन दिवस, काही न मागता,
मग ती कात्रीवरची नजर न काढता म्हणायची,
"शांतव्वाकडं हाय. पोराला गोवर निघालाय तिच्या.
पुनवेपर्यंत थांब."

शांतव्वाची जमना पिस्तूल सिद्धेश्वर तळ्यात टाकायची.
नरसुबाईची ते विकून माग घ्यायची.
जुलेखाची दर खेपेला लग्न करायची,
दर खेपेला वेगळ्याशी,
आणि समासात कुणीतरी लिहायचं : परत?
"कोंडाबाईचं वाचू नकोस, तिनं मारलंय तिला,"
असं कुणी सांगितलं
की आम्ही आधी तेच काढायचो.

पानांना तंबाखूचा वास असायचा.
शिंक यायची ऐन खुनाच्या जागी.

परवा भाची म्हणाली,
"मावशी, एवढं काय शोधायलीस?"
आणि फोन माझ्या हातात दिला.
आत कोठार.
जमनेच्या सहाशे बारा गोष्टी, कप्प्याकप्प्यात.
पूर्ण. अपूर्ण. लांब. आखूड.
जिवंत जमना, मेलेली जमना,
जमना आणि इन्स्पेक्टर,
जमना आणि इन्स्पेक्टरची बायको.
(हे आम्हाला सुचलं नव्हतं.
म्हणजे सुचलं होतं. राजमणीनं लिहिलंही होतं.
ती पानं टाचणी लावून बंद असायची,
आणि टाचणीची भोकं दर महिन्याला वाढायची.)

कुणाची मिनतवारी नाही, गोवर नाही, पुनव नाही.
नाव टाका, मिळेल.
पण राजमणीच्या गोष्टीला नाव कुठं होतं?
आम्ही तिला 'ती साखर पेठेतली' म्हणायचो.
'विडी' लिहिलं : काही नाही.
'माग' लिहिलं : फोननं विचारलं, काय मागायचंय?
'सोलापूर' लिहिलं : चार.
तीन चादरींच्या.
चौथीत जमना पहिल्या दिवशी दोनशे विड्या वळते
आणि चेकर सगळ्या छाट म्हणून बाजूला काढतो.

मी उठून पाणी प्यायले.

लेखक : माहीत नाही.
खाली बारीक अक्षरात :
आईच्या ट्रंकेत वही सापडली,
शेवटची पानं ओलीनं गेली आहेत,
कुणाला शेवट माहीत असल्यास कळवावे.
आई म्हणजे शांतव्वा असणार.
गोवरातून वाचला म्हणायचा पोरगा.

सुबक टंकलंय त्यानं, शुद्धलेखनसुद्धा सुधारलंय.
राजमणी 'पिस्तूल' लिहायची 'पिसतुल'.
समास पांढरे आहेत.
कोंडाबाईची शिवी नाही,
नरसुबाईचा अंगठा नाही, कातानं रंगलेला.
टाचण्याही काढून टाकल्यात.
आता कुणीही वाचावं.
बरं झालं, वाटलं. आणि थोडं नागडंही.

शेवट मला पाठ आहे.
कारखान्यात वाचून दाखवायचं काम माझंच होतं,
विड्या माझ्या सगळ्यांत वाईट म्हणून.

"सांग की मग," भाची म्हणाली, "मी टाकते लगेच."
मी सूप तिच्यापुढं सरकवलं.
म्हटलं, आधी शेंगा सोल.