वार

कवडीची वार पडत नव्हती.
पौषातली रात्र, सोलरचा दिवा डोळा मिटायला आलेला,
करडू पोटातच मेलेलं, महिनाभर अधुरं.
मी कोपरापर्यंत गोडं तेल चोपडलं
आणि उघड्या हातानं वार काढली.
पशुसखीच्या पिशवीत हातमोजे होते.
पिशवी खुंटीला होती, खुंटी घरात,
आणि कवडी माझ्याकडं पाहत होती.

ताप आला तो होळीनंतर.
दिवसा मी बरी, पऱ्हाट्या उपटायची.
सांजेला ढोरं परतली की तोही परतायचा,
वाट न चुकता,
आणि कमरेच्या मणक्यात बूड टेकायचा.
रात्रभर घाम. सकाळी वाकळ पिळून
काट्याच्या कुंपणावर वाळत टाकायची मी.
अंगही टाकता आलं असतं तर.

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली,
टायफॉईड म्हणाला, मलेरिया म्हणाला,
मग म्हणाला, मन रमवा कशात तरी.
देवराव म्हणाले, "बाहेरचं असन काही."
सासूनं लिंबू उतरवलं.
लिंबानं तरी काय करावं.

ओळखलं ते ढोरांच्या डॉक्टरनं.
लसीकरणाला बकऱ्या धरताना माझा हात कापत होता.
खोडे साहेबांनी सुई थांबवली.
"तुमची कोणती बकरी गाभडली होती काय?"
कवडी.
"वार कोणी काढली?"
मी माझे हात पाहिले,
जसे कोणाचे उसने आणलेले.

सेवाग्रामला रक्त दिलं. कागदावर नाव आलं, ब्रुसेला.
दूरदेशी दिलेल्या नणंदेचं असावं तसं.
दोन औषधं. एक पहाटे, उपाशीपोटी,
तिनं लघवी पळसफुलाच्या रंगाची होते.
टीबीलाही हीच गोळी देतात,
हे गावाला माझ्याआधी कळलं.
बचतगटाच्या मीटिंगीत
चटईवर माझ्या दोन्हीकडं जागा वाढली.
दुसरी सकाळ-संध्याकाळ, तांब्याभर पाण्यासंगं.
घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही.
दुधासोबत तर नाहीच, दूध तिचा जोर काढतं.
मला हसू आलं.
लहानपणापासून कच्च्या धारा तोंडात झेलल्या मी.

नवव्या दिवशी ताप गेला.
"झालं न बरं, आता कायले खाते?" देवराव म्हणाले.
डॉक्टरीणबाईंनी बोटं मोडून सांगितलं होतं,
गेला असं वाटेल, पण हाडात दडून बसेल.
बेचाळीस. एकेचाळीस नाही.
कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर मी वार खोडत गेले,
सोमवार, मंगळवार, भाजून काढणारा बुधवार.
एका वारेचे बेचाळीस वार.

कवडीचंही रक्त तपासलं. तेच नाव.
मी विचारलं, हिला किती दिवस गोळ्या?
खोडे साहेब हात धूत राहिले,
धुतलेलेच.
"बकरीला देत नाहीत, बाई. कळपातून काढावी लागते."

देवरावांनी दावं सोडलं. "बाजारात सात हजार कुठं गेले नाही.
तिच्या कपाळावर लिहून हाये का?"
मी दुसरं टोक धरलं.
घेणाऱ्याच्या घरी एखादी बाई असेल,
तिच्याही हाताला तेल असेल.
तीन दिवस आम्ही बोललो नाही.
चौथ्या दिवशी त्यांनीच बाभळीखाली खड्डा खणला,
पुरुषभर खोल,
आणि चुन्याचं पोतं सायकलवर आणलं.

त्या दिवशी मी हातमोजे घातले.
कवडीनं सवयीनं माझा तळवा हुंगला.
तिला रबराचा वास आला.
तिनं मान वर केली,
मी कुठं आहे ते शोधत.

शेवटचा वार रविवार होता.
गोळी घेतली, पाणी प्याले, उभी राहिले
सांगितलं होतं तितका वेळ,
आणि थोडा जास्त.
मग खुंटी घरातून उपटली
आणि गोठ्यात ठोकली,
हाताला येईल अशी.