संघबांधणी, वर्ष तिसरं

देवळाली कॅम्पच्या मैदानावर पुन्हा शून्य-चार.
धोंगडेसर, तुमच्या फळ्यावरचे बाण
सगळे मागेच वळतात.
गोलीकडून बॅककडे, बॅककडून परत गोलीकडे,
बॉल जणू उसना आणलाय,
हरवला तर भरून द्यावा लागेल.

आणि शमुवेलला डावा बॅक?
शमुवेलला!
त्याचा उजवा पाय मी
तो शरणपूरच्या गल्लीत
चपला मांडून गोल करायचा तेव्हापासून ओळखतो.

"तीन वर्षं द्या," म्हणालात.
दिली.
मी अंबडला लेथवर असतो, सर.
सेटिंग बसेपर्यंत जॉब वाया जातात,
कळतं मला.
पण आमच्याकडे भंगार
रोज संध्याकाळी मोजतात.

नंतर मिसळीवर कुणीच बोललं नाही.
शेव मऊ पडली.

रविवारी सिन्नरशी आहे, साडेतीनला.
ऊन असेल.
टोपी धुवायला टाकलीय.