आधी भिजव

बुरशी आधी कपाटामागे आली.
व्हिनेगरने पुसली, ब्लीचने पुसली,
रंगवाल्याने दिलेला ओलरोधक रंग दोन हात फासला,
तरी भाद्रपदात ती रंगाखालून वर आली
आणि मग केतकीच्या दप्तराच्या पट्ट्यावर.

केतकीच्या छातीत रात्री शिट्टी वाजते.
डॉक्टर सानपांनी विचारलं, घरात ओल आहे?
मी म्हटलं, बोपोडीत, नदीच्या अंगाला,
ओल नसलेलं घर दाखवा एखादं.
ते हसले नाहीत.

इलाही मिस्त्रींनी शिडी लावली, पण चढले नाहीत.
खालूनच बॅटरी मारली.
हुकाच्या भोकापासून तडा गेलेला, वीतभर.
"हे भोक माझंच," म्हणाले.
"एकोणऐंशी साल. तुमच्या सासऱ्यांचं छप्पर.
हाताचं ड्रिल होतं, भुगा पिठासारखा पडायचा.
सासूबाई खालून ओरडायच्या, दळण आलं का रे वरून?
सगळे हसायचो."
मग खोकले. बराच वेळ.
मी तांब्या धरून उभी.

"आता हातोडा लावू नका. सुका झाडू नको.
साबणाच्या पाण्याचा फवारा मारा,
अख्खाच्या अख्खा उतरवा,
दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा."
अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द ते अ‍ॅसबेस्टर म्हणाले,
मी दुरुस्त केला नाही.
"हे तेव्हा नव्हतं का कुणी सांगितलं?"
ते तांब्यातलं पाणी बघत राहिले.
"पत्र्यावर कंपनीचा शिक्का होता," म्हणाले,
"एवढं आठवतं."

रविवारी सात पत्रे उतरले.
त्यांचा भाचा तोंडावर मास्क लावून,
ते खाली, पाण्याचा पाइप धरून.
दोन तास घराला छप्पर नव्हतं.
भिंतीवर थेट ऊन पडलं
तेव्हा ती काळी बुरशी केवढीशी दिसली,
जिच्यासाठी मी तीन महिने झोपले नव्हते.

घंटागाडीवाला म्हणाला, राडारोडा घेत नाही,
हे तर नाहीच.
फोन केला. तक्रार नोंदवली आहे.
पुन्हा केला. तक्रार नोंदवलेली आहे.
सात पत्रे बोळात, प्लास्टिकमध्ये,
घरातलं मढं बाहेर ठेवल्यासारखे.

चौथ्या दिवशी पलीकडची पुष्पा आली.
"टाकायचेच तर दोन मला दे. मोरीवर घालते.
पोरी मोठ्या झाल्या गं,
वरच्या मजल्यावरून दिसतं."
मी म्हटलं, विषारी आहेत.
"पंचेचाळीस वर्षं तुमच्या डोक्यावर होते की."
मी म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं.
"विकायचे असतील तर तसं सांग."

काय सांगू? भुग्याच्या बारीक सुया,
ज्या दिसत नाहीत आणि जात नाहीत?
इलाहीभाईंचा खोकला तिने कुठे ऐकलाय.
तिच्या मोरीवर एक जुनी चादर आहे,
वाऱ्याने उडते, पोरी एका हाताने धरतात.
ते मात्र मी रोज बघते.

काल रात्री प्लास्टिक फडफडलं.
सकाळी मोजले.
सहा.

केतकी झोपली होती. शिट्टी होती,
पण कमी, की मलाच तसं वाटलं.
मी चहा ठेवला.
आणि पुष्पाच्या मागच्या बाजूला
ड्रिलचा आवाज सुरू झाला.

गॅस बंद केला का, आठवत नाही.
बादली भरली, निम्मी बोळात सांडली.
पुष्पा, थांब गं!
भोक पाडू नकोस,
आणि पाडलंच असशील तर
आधी भिजव, आधी भिजव.