पिंपाला वळसा

नजीरभाईंनी मागून सीट धरलीय,
दोन्ही बूट पेडलात अडकलेले,
आणि मी उभा आहे कुठेच पाय न टेकता.
चव्वेचाळीस वर्षांत हे जमलं नव्हतं.

"ऐदु," शिट्टीवाला म्हणतो. "नाल्कु. मूरु."
उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर,
सुलटं मी कन्नडमध्ये रोज मोजतो –
बुश, बोल्ट, पगारातून कापलेले दिवस.
उलटं मोजताना मात्र मन अडखळतं,
दोनच्या जागी पुन्हा तीन म्हणतं,
तोवर नजीरभाईंनी हात सोडलेला.

सांबऱ्यापासून नेसरगीच्या अंगाला दहा किलोमीटर.
तिथं रस्त्याच्या मधोमध डांबराचं पिंप, चुना फासलेलं.
त्याला वळसा घालून परत. एवढीच शर्यत.
पुढे कुणी नाही. कुणाच्या पाठीआड दडायची सोय नाही.

गेल्या महिन्यात निपाणीला मी साठ जणांच्या पोटात होतो.
वारा पुढचे खात होते, मी नुसता वाहत होतो,
तवंदीच्या घाटात त्या पोटानं मला
कडू काकडीच्या फोडीसारखं थुंकून टाकलं.
मग शेवटची गाडी मागे मागे,
आणि खिडकीतून ड्रायव्हर:
"बसतोस काय गा? चहा पण हाय."
बसलो नाही.
चहा घेतला.

आज गाडी नाही, चहा नाही.
दोन्ही बाजूंना शाळू, खाली वाकून हरभरा,
आणि पूर्वेचा वारा,
ज्याला माझं कपाळ नेमकं सापडलंय.
हँडलवरचे हे दोन दांडे माझ्याच हातचे,
भंगारातल्या ॲल्युमिनियमचे, पाळी सुटल्यावर कातलेले.
दोघांत सुताचाही फरक नाही.
गुडघ्यांत आहे. डावा उजव्याचं ऐकत नाही.

सुळेभावीच्या फाट्यावर कुठल्यातरी घरातून माग चालू,
खट् खटाक्, खट् खटाक्.
थोडा वेळ त्या ठेक्यावर पाय टाकले,
मग माग थांबला. धागा तुटला असेल.
पुढे ट्रॅक्टरमधून सांडलेला ऊस, चाकांखाली चेंदलेला,
रस्ताच चिकट, टायर सोडताना कुरकुरणारा,
जसा काही मी गुळाच्या काहिलीतून चाललोय.

आणि मागून आवाज, नवं कापड टरकवल्यासारखा.
माझ्यानंतर बरोब्बर एका मिनिटानं सुटलेला
जमखंडीच्या वसतिगृहातला बसलिंग, सतरा वर्षांचा,
पाठ अशी सपाट, की वर पाण्याचा तांब्या ठेवावा.
"होडी अण्णा, होडी!" म्हणत गेला.
मी होय म्हणायला तोंड उघडलं, आणि आत चिलट.
गिळलं.
त्या सकाळचा तेवढाच नाश्ता.

पिंपाजवळ झेंडा घेतलेला पोरगा झेंड्यानंच कान खाजवत होता.
शेजारी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई,
रस्ता ओलांडायची थांबलेली.
"कुठं जाऊलास गा एवढ्या घाईनं?"
"परत," मी म्हणालो.
ती हसली नाही. म्हणाली, "मग आलास कशाला?"
यावर उत्तर द्यायला वेळ नव्हता,
आणि वेळ असता तरी.

वाटलं होतं, परतताना वारा पाठीशी येईल.
तो पडला.
माझंच वेग घेऊन माझ्या तोंडावर येणारं
तेवढं वारं उरलं.
शेवटचे दोन किलोमीटर मला रस्ता आठवत नाही,
पुढच्या चाकाची एक तार आठवते,
ऊन लागलं की लकाकणारी.

चौतीस जणांत एकतिसावा.
गेल्या वर्षापेक्षा चार सेकंद कमी.
चार सेकंद.
लेथवर तेवढ्यात वीतभर चिप निघते,
निळी, गरम, स्वतःभोवती वळत जाणारी,
आणि ट्रेमध्ये पडते.

घरी आलो. शेवंतानं नंबर विचारला नाही,
वेळ विचारली नाही.
छातीवरचा सत्तावीस आकडा तिनंच टाचला होता,
स्वतःच्या साडीच्या पिनांनी.
तिनं हात पुढे केला.
मी मोजून दिल्या.
"तीनच?" ती म्हणाली.

चौथी नेसरगीच्या रस्त्यावर असेल,
उसाला चिकटलेली.