कमी भरली

लाखांदूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
'मिळतील'मधला ळ मागच्या वादळात उडाला,
अर्थ पोचतो, म्हणून बोर्ड तसाच ठेवला.

जून लागला की गावोगावचे आकडे माझ्याकडं येतात.
कोणाचं गणित कुठं फसलं
हे मला त्याच्या मास्तराआधी कळतं.
निम्मी पोरं पासवर्ड विसरून येतात,
एकाचा पासवर्ड त्याच्या म्हशीचं नाव, तो मलाच पाठ आहे.
माझे स्वतःचे बारावीला त्रेचाळीस.
ते कोणी विचारत नाही.

तृणाली नान्हे आली तेव्हा कूलरमधलं पाणी संपलं होतं.
सोबत आई, अंगणवाडी सेविका,
मीटिंगहून थेट, रजिस्टर काखेत.
बारावीला एकाहत्तर टक्के.
सीईटीला बासष्ट पर्सेंटाइल.
"एकाहत्तरचे बासष्ट कसे झाले जी?"
जसे वाटेत कोणी नऊ काढून घेतले.

मी समजावलं: शंभर पोरं ओळीनं उभी केली, मावशी,
त्यातली बासष्ट हिच्या मागं.
"मंग अडतीसच त पुढं हायेत," ती म्हणाली.
"थोडेच हायेत."

विद्यापीठाचं पान उघडलं.
खाजगी. नागपूरच्या पलीकडं कुठंतरी.
काचेची इमारत, कापलेली हिरवळ,
हसणारी सहा पोरं, एकाच्याही केसांना तेल नाही.
खाली तक्ता:
पंच्याण्णवच्या वर, फी माफ.
पंच्याऐंशीच्या वर, अर्धी.
सत्तरच्या वर, पाव.
त्याच्या खाली काहीच नाही,
फक्त लुकलुकणारं 'प्रवेश सुरू'.

आई स्क्रीनला बोट लावून वाचत राहिली.
तिला तक्ते येतात.
वीस वर्षं झाली ती लेकरांच्या दंडाला फीत गुंडाळते,
हिरवा, पिवळा, लाल.
तृणाली चौदा महिन्यांची असताना पिवळ्यात होती.
स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रजिस्टरात
तिनं ते लिहिलं होतं,
शेजारणीच्या लेकराचं लिहावं तसं.

"म्हणजे नापास नाई?"
नाही.
"घेत नाई असं बी नाई?"
घेतात, मावशी. सगळ्यांना घेतात.
"मंग गुण कायले विचारते?"

मी कीबोर्डवरची धूळ फुंकली.
फुंकूनही ती तिथंच होती, ए आणि एसच्या मधे.

मग ती म्हणाली, आवाज न चढवता,
महिनाअखेरचा हिशोब वाचावा तशी:
"आमच्याकडं लेकरू कमी भरलं
त आमी त्याले जास्त देतो.
अंडं देतो, पाकीट देतो,
आठवड्याले घरी जाऊन पाह्यतो.
इथं कमी भरलं
त जास्त घेते."

तृणाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती,
सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.
"चाल ना आई," म्हणाली.

फॉर्म अर्धाच राहिला.
त्यांच्या मोबाइलात रिचार्ज नव्हता,
म्हणून नंबर माझा टाकला होता.

आता मलाच फोन येतो. सकाळी, कधी जेवताना.
आवाज एका मुलीचा, गोड, थकलेला.
पहिल्या आठवड्यात मी राँग नंबर म्हणालो.
मग एकदा तोंडून निघून गेलं, पालक बोलतोय.
तेव्हापासून ती मला सर म्हणते,
जागा थोड्याच उरल्यात म्हणते,
आणि रोज तितक्याच उरलेल्या असतात.

काल तिनं पुन्हा विचारलं, पर्सेंटाइल किती, सर?
समोर पवनीची बस लागली होती.
तृणाली चढत होती, सरकारी कॉलेजचं नवं ओळखपत्र गळ्यात,
लॅमिनेशन माझंच,
कोपऱ्यात एक बुडबुडा राहून गेलेला.

मी म्हणालो, सत्याण्णव.

पलीकडचा आवाज खुर्चीतून उठल्यासारखा झाला.
अभिनंदन सर, पूर्ण फी माफ,
अभिनंदन, हॉस्टेललाही सवलत, सर, ऐकताय ना?

बसनं धूळ उडवली.
मी फोन कानाला तसाच धरला
आणि ते अभिनंदन
शेवटपर्यंत ऐकून घेतलं.